मायकेल फॅराडे : लोहाराचा मुलगा आणि गाडीतला अल्टरनेटर



राजूर घाटातून रात्री बुलढाण्याकडे येताना एखाद्या जुन्या जीपचे दिवे पिवळे पडत गेलेले तुम्ही पाहिले असतील. हॉर्न घोगरा होतो, वायपर रेंगाळतो आणि शेवटी गाडी बंद पडते. मग धक्का मारणारे चार जण शोधायचे! बहुतेक जण म्हणतात की बॅटरी गेली. पण पुष्कळदा बॅटरी बिचारी निर्दोष असते. तिला भरणारी यंत्रणा, म्हणजे अल्टरनेटर आणि त्याच्या वायरी, यांनी काम सोडलेलं असतं.

हा अल्टरनेटर ज्या नियमावर चालतो तो नियम १८३१ साली एका लोहाराच्या मुलाने शोधला. त्याचं नाव मायकेल फॅराडे. आजच्या पाठात आपण त्यांचं चरित्र पाहणार आहोत. सोबत, सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीचं चार्जिंग बिघडलं तर दोष कसा शोधायचा, हेही बघू. या दोन गोष्टी वेगळ्या वाटतील, पण पाठ संपेपर्यंत त्यांचा संबंध तुमच्या लक्षात येईल.

जन्म आणि बालपण

मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन इथे झाला. वडील जेम्स लोहारकाम करत, पण त्यांची तब्येत नेहमी बिघडलेली असायची. काम नाही तर पैसा नाही, ही हातावर पोट असलेल्या घराची गोष्ट आपल्याला सांगायला नको. १८०१ च्या महागाईत लहान मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो आठवडाभर पुरवायचा असायचा.

शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडी आकडेमोड, एवढीच. गणित पुढे शिकायला मिळालं नाही आणि ती उणीव त्यांना जन्मभर राहिली. पण ज्या माणसाला मोठी समीकरणं मांडता येत नव्हती, त्यानेच विजेच्या युगाचा पाया घातला.

पुस्तकं बांधता बांधता

तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात निरोप्या म्हणून लागला. वर्षभराने तिथेच सात वर्षांच्या करारावर पुस्तकबांधणी शिकू लागला. दिवसभर डिंक, दोरा आणि कातडं. पण बांधायला आलेलं पुस्तक तो नुसतं बांधत नसे, वाचूनही काढत असे. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याच्या हाती असाच आला. जेन मार्सेट या बाईंनी सोप्या भाषेत लिहिलेलं रसायनशास्त्राचं पुस्तकही त्याने असंच वाचलं.

वाचलेलं खरं आहे का, हे करून बघायची त्याला सवय होती. तांब्याची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून त्याने स्वतःची छोटी बॅटरी तयार केली. शहरात विज्ञानाची व्याख्यानं होत, एका व्याख्यानाला एक शिलिंग फी. ती त्याचा मोठा भाऊ रॉबर्ट भरायचा. रॉबर्टही लोहारकामच करायचा. धाकट्याच्या शिक्षणासाठी घाम गाळणारा थोरला भाऊ आपल्याकडेही घरोघरी सापडतो, नाही का?

डेव्ही यांच्या प्रयोगशाळेत

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चार व्याख्यानं ऐकली, त्यांची टिपणं सुवाच्य अक्षरात लिहून काढली, आकृत्या काढल्या आणि सगळं स्वतःच्या हाताने बांधून डेव्हींना पाठवलं. सोबत नोकरीसाठी विनंती. पुस्तकबांधणीचं शिक्षण असं कामी आलं!

डेव्हींनी भेट दिली, पण जागा नव्हती. काही आठवड्यांनी तिथला मदतनीस भांडणावरून कामावरून निघाला आणि मार्च १८१३ मध्ये फॅराडे त्या जागी लागले. काम होतं बाटल्या धुणं, उपकरणं मांडणं आणि व्याख्यानाच्या वेळी मदत करणं.

त्याच वर्षी डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासाला निघाले. फॅराडे सोबत होते. ऐनवेळी डेव्हींचा नोकर आला नाही, म्हणून त्याचीही कामं फॅराडेंवर पडली. डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकरासारखंच वागवत. अपमान इतका झाला की सगळं सोडून परत जावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण त्याच प्रवासात त्यांना व्होल्टा आणि अँपियर भेटले. आज आपण मीटरवर ज्यांची नावं वाचतो तेच हे दोघे. फॅराडे थांबले आणि शिकत राहिले.

दहा वर्षं न सुटलेलं कोडं

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवलं की तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसुई हलते. वीज चुंबकत्व निर्माण करते, हे ठरलं. १८२१ मध्ये फॅराडेंनी पाऱ्याच्या भांड्यात वीज वाहणारी तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. आजच्या मोटारीची ती पहिली पायरी. मात्र घाईत त्यांनी इतरांच्या कामाचा उल्लेख न करता लेख छापला आणि कल्पना दुसऱ्याची घेतली असा आरोप त्यांच्यावर आला. १८२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले, तेव्हा खुद्द डेव्हींचा त्यांना विरोध होता. ज्याने हात धरून वर आणलं, तोच आडवा आला. फॅराडेंनी मात्र डेव्हींबद्दलचा आदर शेवटपर्यंत सोडला नाही.

आता पुढचा प्रश्न असा होता. विजेपासून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? फॅराडेंनी मधल्या वर्षांत अनेकदा प्रयत्न केले. तारेजवळ चुंबक ठेवून पाहिलं. काही होईना. युरोपातले इतर शास्त्रज्ञही हेच करत होते.

जिनिव्हाच्या कोलाडोन यांची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८२५ च्या सुमारास त्यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवलं. चुंबकाचा परिणाम मोजयंत्रावर होऊ नये म्हणून त्यांनी मोजयंत्र दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. चुंबक सरकवायचं आणि चालत जाऊन काटा बघायचा! तोपर्यंत काटा हलून परत शून्यावर आलेला असायचा. शोध त्यांच्या घरात लागला होता, पण तो बघायला त्या क्षणी खोलीत कुणी नव्हतं.

२९ ऑगस्ट १८३१

या दिवशी फॅराडेंनी मऊ लोखंडाचं सुमारे सहा इंच व्यासाचं कडं घेतलं. त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, अशी तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली. त्या काळी आवरण घातलेली तार विकत मिळत नसे, म्हणून सुतळी आणि कापड मध्ये घालून प्रत्येक थर वेगळा केला. एका वेटोळ्याला बॅटरी, दुसऱ्याला मोजयंत्र.

बॅटरी जोडली त्या क्षणी काटा हलला. आणि लगेच परत आला. बॅटरी चालूच होती, पण काटा गप्प. बॅटरी काढली, पुन्हा काटा हलला, या वेळी उलट दिशेला. यातून दहा वर्षांचं कोडं सुटलं. स्थिर चुंबक कितीही जोरदार असलं तरी वीज देत नाही. चुंबकत्व बदलतं तेव्हाच वीज तयार होते.

१७ ऑक्टोबरला त्यांनी कागदी नळीवरच्या वेटोळ्यात साधं चुंबक आत-बाहेर केलं आणि वीज मिळवली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग वीज मिळवली. हे जगातलं पहिलं जनित्र. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी यांनी हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. आपल्या गाडीतल्या अल्टरनेटरचा वंश तिथपासून सुरू होतो.

फॅराडेंचा नियम गाडीत कुठे आहे?

इंजिनचा पट्टा अल्टरनेटरची पुली फिरवतो. आतला रोटर हे तारेचं वेटोळं असलेलं चुंबक. त्याला कार्बन ब्रशमधून थोडी वीज मिळते. तो फिरतो, म्हणजे भोवतालच्या स्टेटरच्या वेटोळ्यांजवळचं चुंबकत्व सतत बदलतं आणि तिथे उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. डायोड तिला एकाच दिशेने वळवतात. रेग्युलेटर रोटरची वीज कमी-जास्त करून दाब ताब्यात ठेवतो. जुन्या गाड्यांत डायनामो आणि कट-आउट असायचे. अल्टरनेटर सर्रास आले ते १९६० नंतर, सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यावर. आपल्याकडे काही जण अजूनही अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात.

आता सुट्या भागांतून जोडलेल्या गाडीचा विचार करा. परदेशात अशा गाडीचे भाग पेटीतून येतात आणि हौशी लोक घरी जोडतात. आपल्याकडे पेटी येत नाही, भंगाराचं दुकान असतं! २०२१ च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली, पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली, हे तुम्हाला आठवत असेल. अशा गाडीत इंजिन एकाचं, अल्टरनेटर दुसऱ्याचं आणि वायरिंग स्वतःचं. तिचा छापील नकाशा कुठेच मिळत नाही. म्हणून दोष अंदाजाने न शोधता फॅराडेंसारखा शोधायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलताना काट्याकडे बघायचं.

चार्जिंगचा दोष शोधण्याच्या पायऱ्या

एक साधा मल्टिमीटर आणि एक मदतनीस एवढं पुरे. कोलाडोन यांची चूक करू नका. मित्र इंजिन चालवील तेव्हा तुम्ही मीटरसमोर हवेत.

१) इंजिन बंद. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ पेक्षा कमी असेल तर आधी बॅटरी बाहेरून चार्ज करा. उपाशी बॅटरीवर केलेली तपासणी फसवते.

२) चावी चालू, इंजिन बंद. डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. घरी जोडलेल्या गाडीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये रोटरला सुरुवातीची वीज याच दिव्यातून जाते. दिवा जोडलाच नाही, किंवा बल्बऐवजी बारीक एलईडी लावला, तर रोटर नीट चुंबक होतच नाही. मग तो कितीही फिरला तरी बदलायला चुंबकत्व आहे कुठे? गाडी खूप रेस केल्यावरच चार्जिंग सुरू होत असेल तर पहिला संशय या वायरीवर घ्या.

३) स्टार्टर मारताना. दाब थोडा पडणारच. पण ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा तिच्या जाड केबल तपासा.

४) इंजिन चालू. थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. काटा १२.४ वरच अडकला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीतलं पाणी उकळून जाईल.

५) हेडलाइट आणि पंखा लावून. भार टाकल्यावरही दाब १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. पडत असेल तर पट्टा ढिला आहे का बघा. पुलीजवळ काळी पूड दिसली किंवा रेस देताना किंकाळी आली तर पट्टा घसरतोय. दुसऱ्या गाडीची मोठी पुली लावली असेल तर अल्टरनेटर हळू फिरतो. बदल हळू झाला की वीज कमी, हाही फॅराडेंचाच नियम.

६) वायरी आणि अर्थिंग. भार चालू ठेवूनच अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर मोजा आणि मग बॅटरीवर मोजा. बोल्टवर १४.४ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर मधली वायर किंवा कनेक्शन १.२ व्होल्ट खातंय. अल्टरनेटर बदलून काही उपयोग नाही! तसंच इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या वर दिसू नये. फायबरच्या बॉडीतून वीज वाहत नाही, म्हणून चॅसिस आणि इंजिनला वेगळी जाड अर्थिंग वायर द्या आणि लगखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून काढा.

७) डायोड. मीटर एसीवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता आहे. तसा डायोड रात्रभर बॅटरीही पिऊन टाकतो.

आणि एक सावधगिरी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून गाडी चालते का बघायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. डायनामोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटरवर तसं केलं तर दाब एकदम उसळतो आणि चांगले डायोड, रेग्युलेटर जळतात. फिरत्या पट्ट्यापासून ओढणी, गमछा, बाही लांब ठेवा, हे तर सांगायलाच नको.

नोंदवही

फॅराडे रोजच्या प्रयोगांची नोंद ठेवत. यशाची ठेवत, तशीच अपयशाचीही. १८३२ पासून त्यांनी नोंदींना क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. तुम्हीही वरच्या सात पायऱ्यांचे आकडे वहीत तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी गाडी पुन्हा रुसली की ही वही कामाला येईल.

पुढचं आयुष्य

फॅराडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच राहिले. पत्नी सारा यांच्यासोबत त्याच इमारतीत त्यांचा संसार झाला. १८२० च्या दशकात तिथे मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. फॅराडेंनी ती एकोणीस वेळा दिली आणि त्यांतली मेणबत्तीवरची व्याख्यानं विशेष गाजली. बाटल्या धुणारा मुलगा आता देशभरातल्या मुलांचा शिक्षक झाला होता.

त्यांनी सर ही पदवी नाकारली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. क्रिमियाच्या युद्धासाठी विषारी वायूंवर काम करण्याची विचारणा झाली तेव्हा त्यालाही नकार दिला. दीपगृहांच्या खात्याचे सल्लागार म्हणून मात्र त्यांनी जवळजवळ तीस वर्षं काम केलं. १८५८ मध्ये साउथ फोरलँडच्या दीपगृहात फिरत्या चुंबकांच्या यंत्रावर विजेचा दिवा लागला. तेव्हा म्हाताऱ्या फॅराडेंनी तो स्वतः जाऊन तपासला. कड्यावर क्षणभर हललेला काटा सत्तावीस वर्षांत समुद्रावरच्या जहाजांना वाट दाखवू लागला होता.

त्यांना न जमलेलं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी पूर्ण केलं. फॅराडेंनी हाताने आणि डोळ्यांनी जे पाहिलं तेच मॅक्सवेल यांनी समीकरणांत मांडलं.

शेवटच्या वर्षांत फॅराडेंची स्मरणशक्ती कमी होत गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टजवळच्या घरी, खुर्चीत बसलेले असताना त्यांचं निधन झालं. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची साधी कबर आहे.

या चरित्रातून काय घ्यायचं?

मित्रांनो, दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. मार्क कमी आहेत, आता आयटीआयला टाका. जणू हाताने शिकणं म्हणजे शिक्षाच! चिखली, मेहकर, मलकापूरच्या गॅरेजमध्ये काळ्या हातांनी काम करणाऱ्या मुलाला स्वतःलाही तसंच वाटू लागतं. त्याने एवढं लक्षात ठेवावं. तो ज्या अल्टरनेटरचा बोल्ट खोलतोय त्याचा नियम कॉलेजची पायरी न चढलेल्या एका कामगाराने शोधला. त्याच्याकडे पदवी नव्हती, गणित नव्हतं. पण काटा हलला त्या क्षणी तो तिथे उभा होता आणि त्याचे डोळे काट्यावर होते.

मात्र याचा दुसरा अर्थही घ्या. फॅराडे नुसतं हाताने काम करून थांबले नाहीत. जे पुस्तक बांधलं ते वाचलं, वाचलं ते करून पाहिलं आणि पाहिलं ते लिहून ठेवलं. अंदाजाने अल्टरनेटर बदलणारा आणि मोजून दोष सांगणारा, दोघांचे हात सारखेच काळे होतात. गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो तो दुसरा.

स्वाध्याय

१) कोलाडोन यांच्या हातून शोध का निसटला? चार्जिंग तपासताना ती चूक कशी टाळाल?

२) बॅटरीच्या दिव्याचा बल्ब गेल्यामुळे चार्जिंग बंद का पडू शकतं?

३) अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.३ व्होल्ट आणि बॅटरीवर १२.९ व्होल्ट आहेत. दोष कुठे शोधाल?

४) तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या ट्रॅक्टरचे, गाडीचे आकडे मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोजा आणि वहीत तारखेसह लिहा.